रेसच्या मुठीवरची गाठ

बुधरी पोटावीला मुखरू गुरनुले नीट ओळखत होता, असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. तिचं वय त्याला ठाऊक नव्हतं. तिनं लग्न का केलं नाही, गॅरेज बंद करून संध्याकाळी गावी गेल्यावर ती कोणाशी बोलते, हे त्यानं कधी विचारलं नाही आणि तिनं कधी सांगितलं नाही. मुखरू मुळातच कमी बोलणारा माणूस. धानोऱ्याच्या वनउपज खरेदी केंद्रावर तीस वर्षं तो तोलारी होता. मोह, हिरडा, चारोळी काट्यावर घ्यायची, वजन सांगायचं, पोत्याचं तोंड बांधायचं, एवढ्यात त्याची नोकरी सरली. काट्यावरचं वजन सोडून दुसरं काही ठामपणे सांगायची वेळ आली की तो मागं सरायचा.

पण भादव्यात बुधरी तापानं गेली आणि चौकात तिच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. फोटोखाली नाव होतं आणि नावाखाली छापलं होतं, 'पंचर दुकान, मुरूमगाव रोड'. मुखरूनं ते दोनदा वाचलं. मग सरळ फ्लेक्सवाल्याच्या दुकानात गेला.

"हे चूक हाये," तो म्हणाला.

"काय चूक हाये, भाऊ?"

"पंचर नाई. इंजिन मेस्त्री लिहाचं."

"आता लागला न बोर्ड! अन् सारेच तिले पंचरवाली म्हणत होते. गेल्यावर का कोणाचा धंदा बदलते?"

"सारे म्हणत नव्हते," मुखरू म्हणाला आणि दुकानातल्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसला. उठलाच नाही. दुपारी त्याची बायको रंभा शोधत आली, तर म्हणाला, डबा इथीच आण. दिवस मावळायच्या आत दुसरा फ्लेक्स छापून झाला. तो बांधताना शिडी मुखरूनं स्वतः धरली.

हा हट्ट त्याला आला कुठून, हे सांगायचं तर दोन वर्षं मागं जावं लागतं.

नोकरी संपल्यावर मुखरूनं एक सेकंडहँड बुलेट घेतली, पाचशे सीसीची. पोरगी सासरी, घरात दोघंच, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला काहीतरी हवंसं वाटलं होतं. रंभा म्हणाली, "जिंदगीभर वजनाच्या बाजूनं बसले, आता वजनावर बसा." गाडी चांगली होती, पण आळशी. सपाट रस्त्यावर रेस न देताही धकधक करत आपली आपण चालायची. मुरूमगावच्या पुढं चढ लागला आणि मागं रंभा, तिच्या मांडीवर धानाची थैली असली, की मात्र धापा टाकायची. दुसऱ्या गिअरवर आणावी लागायची. मुखरूला ते मनात लागायचं. गाडीला दम कमी पडतो म्हणजे आपल्यालाच कमी पडतो, असं काहीतरी.

चौकात प्रवीणचं मोठं गॅरेज होतं, लाइटच्या पाटीचं. प्रवीणनं स्वतःच्या गाडीच्या इंजिनात बराच फेरफार केला होता. तो म्हणाला, "भाऊ, व्हॉल्व्ह उघडणारा कॅम बदलू, मोकळा सायलेन्सर टाकू. मंग पाहा, गाडी नाई, पाखरू!" आणि त्यानं आपली गाडी मुखरूच्या हाती दिली.

मुखरूनं ती रांगीच्या रस्त्याला नेली. खालच्या रेसमध्ये गाडीत जीवच नव्हता. क्लच जरा लवकर सोडला की आचके देऊन बंद पडे. मूठ अर्ध्याच्या वर पिळली. सगळी ताकद एकदमच अंगावर आली. पुढं रस्त्यावर नाल्याची रेती वाहून आलेली. तिथं रेस कमी केली तर गाडी मेली, दिली तर मागचं चाक घसरलं. परत येऊन 'लय पळते' एवढं म्हणून त्यानं किल्ली दिली. प्रवीणला वाटलं, म्हातारा खूश झाला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या बुलेटचं चाक पंचर झालं, म्हणून तो बुधरीच्या टिनाच्या शेडमध्ये गेला. ट्यूब काढता काढता तिनं वर न पाहताच विचारलं, "प्रवीणभाऊची गाडी चालवली म्हणते तुमी?"

"हो."

"कशी वाटली?"

"मले नाई जमली," मुखरू म्हणाला. स्वतःलाच दोष द्यायची त्याची सवय होती.

"तुमाले नाई जमली का रस्त्याले नाई जमली?" बुधरीनं ट्यूब पाण्यात दाबली. बुडबुड्यांवर बोट ठेवलं. "ताकद दोन जातीची असते, भाऊ. एक वरची, एक खालची. त्यायनं वरची घेतली. व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे राहाते, त खाली दम निघून जाते. चुलीवर जोरात फुंकणी मारली का राख उडते, विस्तव धरत नाई, तसं. हायवेवर ठीक हाये. आपल्या रस्त्याले, रेतीत, चिखलात, चढावर, खालून ओढणारं इंजिन पायजे."

"मंग तसं होते का?"

"होते. मोठा पिस्टन टाकाचा. कॅमले हात नाई लावाचा. हेडचे रस्ते आतून घासून साफ कराचे, कार्बोरेटरचा जेट एक माप मोठा. सायलेन्सर हाच. आवाजानं गाडी नाई चालत." मग पहिल्यांदाच तिनं वर पाहिलं. "मी करून देते."

धानोऱ्यात बुधरीकडं कोणी पंचरपलीकडं काही दिलेलं नव्हतं. फार तर ऑइल बदलायला. गडचिरोलीच्या आयटीआयमधून ती शिकून आली होती, नंतर दोन वर्षं चंद्रपूरच्या एका गॅरेजमध्ये इंजिनं खोलत होती, पण मागच्या पडवीत, गिऱ्हाइकाला दिसणार नाही अशी. "मालक सांगे, मीनंच खोललं," ती म्हणाली. "अन् गिऱ्हाइक त्याले शाबासकी दे. म्हणून इथी आली. इथी समोरच बसून खोलणार होती. पण आणते कोण?"

मुखरूनं गाडीची किल्ली तिच्या पुढ्यात ठेवली. "तूच कर," तो म्हणाला.

बातमी बाजारभर झाली. पंचरवालीनं तोलारी भाऊची बुलेट खोलली. माणसं चहा पिऊन मुद्दाम त्या बाजूनं जाऊ लागली. बुधरीनं बांबूची दोन सुपं आणली होती. एकात डाव्या बाजूचे बोल्ट, एकात उजव्या, खोलले त्या क्रमानं मांडलेले. "सूप काऊन वो, बाई? इंजिन पाखडते का?" कोणी विचारलं. "खडे निवडून राह्यली," ती म्हणाली. "सगळ्यात मोठा आत्ताच बोलला." त्यानंतर त्या माणसानं तो रस्ता काही दिवस टाळला. सिलिंडर ती स्वतः चंद्रपूरला नेऊन, लेथवाल्याच्या उरावर उभी राहून, मोठ्या पिस्टनच्या मापाला बोअर करून घेऊन आली.

गाडी तयार झाली त्या दिवशी तिनं पळसाच्या मुळाची एक बारीक दोरी घेतली. तिचं एक टोक रेसच्या मुठीला बांधलं, दुसरं आरशाच्या दांडीला. मूठ अर्धी फिरली की दोरी ताठ व्हायची. पुढं फिरायचीच नाही.

"हे काय?"

"पंडुम," बुधरी म्हणाली. "तुमाले सांगाची गरज हाये का?"

नव्हती. मुखरू धानोऱ्यात नवा होता तेव्हाची गोष्ट. चैत्रात त्यानं काट्यावर बसून कैरी चिरली, मीठ लावलं आणि मोह घेऊन आलेल्या बायकांपुढं धरली. त्यांच्या गावात अजून मरका पंडुम, नव्या आंब्याचा सण, व्हायचं होतं. गायत्यानं, म्हणजे गावच्या पुजाऱ्यानं, नवा आंबा देवाला दाखवल्याशिवाय त्या गावांत कोणी आंब्याला तोंड लावत नाही. सगळ्यांत पुढं बुधरीची माय सुकरी होती. तिनं काही न बोलता टोपली उचलली आणि निघून गेली. बाकीच्या तिच्या मागं. पंधरा दिवस त्या गावचं एक पोतं त्याच्या काट्यावर चढलं नाही. तेव्हापासून पंडुम झालं का, हे विचारल्याशिवाय मुखरूनं चैत्रात आंब्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"नवा पिस्टन तापला का फुगते," बुधरी सांगत होती. "सिलिंडरची अन् त्याची अजून ओळख नाई. हळूहळू घासून एकमेकाची जागा करतीन. हजार किलोमीटर. हजार झाले का मी दोरी काढीन. तवर अर्धी मूठ."

"तवर अर्धी मूठ," मुखरू म्हणाला.

अर्ध्या मुठीतही त्याला कळत होतं की ही गाडी आता वेगळी आहे. आश्रमशाळेचे एक मास्तर, रांगीचा एक शेतकरी आणि आणखी एक जण, असे तिघे त्याला थांबवून विचारून गेले आणि आपली गाडी बुधरीकडं देतो म्हणून सांगून आले. तिनं तिघांची नावं शेडच्या पत्र्यावर खडूनं लिहिली. पहिल्यांदाच तिच्याकडं इंजिनाचं काम यायचं होतं, आणि ते सगळं मुखरूच्या एका गाडीवर टांगलेलं होतं. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून पुढं त्यानं केलं ते जास्तच वाईट.

तिसऱ्या दिवशी तो मुरूमगावच्या रस्त्याला होता. दुपार, सागाची पानं गळून गेलेली, रस्ता सरळ. मागून प्रवीण आला. बाजूला येऊन त्यानं आपली गाडी मुखरूच्या चालीला आणली आणि दोरीकडं पाहून हसला.

"भाऊ! बैलाले वेसण घातली का बाईनं?"

मुखरूनं नजर रस्त्यावरच ठेवली.

"अन् बैल कोणता, गाडी का तुमी? हाका न!" म्हणून तो उडाला.

साठ वर्षं लोकांनी काय काय म्हटलं आणि मुखरूनं ऐकून घेतलं. त्या दिवशी का ऐकून घेतलं नाही, हे त्याला आजही सांगता येत नाही. त्यानं गाडी थांबवली, मुठीवरची दोरी सोडली, आरशाच्या दांडीला गुंडाळली आणि मूठ पिळली. आणि गाडी निघाली, ती कशी! प्रवीणच्या गाडीसारखा धक्का नाही, आचका नाही. तिसऱ्या गिअरमध्ये, खालूनच, कोणीतरी पाठीवर तळहात ठेवून ढकलत न्यावं तशी. चढावर तो प्रवीणच्या बाजूनं पुढं गेला. एकसष्टाव्या वर्षी मोठ्यानं ओरडला.

तीन किलोमीटर. मग इंजिन जड झालं, किंचाळलं, आणि मागचं चाक जागच्या जागी बांधल्यासारखं झालं. क्लच दाबला म्हणून पडला नाही. प्रवीण मागून आला, पाहिलं, "जाम झाली वाटते," म्हणाला आणि गेला.

मुखरू तासभर झाडाखाली बसला. इंजिन थंड झाल्यावर किक हलली. निघायच्या आधी त्यानं दांडीवरची दोरी उलगडली आणि मुठीला परत बांधली, जशी होती तशी. खडखड वाजत गाडी बुधरीच्या शेडपर्यंत आली. तो एवढंच म्हणाला, "जाम झाली."

हे शब्द खोटे नव्हते. पण संध्याकाळपर्यंत बाजारात त्याचं झालं, 'बुधरीनं इंजिन खाल्लं.' मास्तरांनी निरोप पाठवला की सध्या राहू दे. शेतकरी आणि तिसरा तेवढाही निरोप न देता प्रवीणकडं गेले. पत्र्यावरची तीन नावं बुधरीनं स्वतः पुसली.

मग तिनं इंजिन खोललं आणि पिस्टन बाहेर काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो शेडच्या तोंडाशी, माणसाच्या डोळ्यासमोर येईल असा, तारेनं टांगलेला होता.

"लोक लिंबू-मिरची टांगते, तू हे टांगून राह्यली?" येणारे-जाणारे विचारत.

"ज्याले वाचता येते त्यानं वाचावं," बुधरी म्हणे आणि पंचर काढत बसे.

वाचता येणारा धानोऱ्यात एकच होता. प्रवीण आला. त्यानं पिस्टन फिरवून पाहिला, चारी बाजूंच्या ओरखड्यांवरून बोट फिरवलं, तिच्याकडं न पाहता निघून गेला आणि कोणाला काही बोलला नाही.

मुखरू आठ दिवस त्या रस्त्याला गेला नाही. रंभानं विचारलं, जेवत काऊन नाई? तो म्हणाला, भूक नाई. नवव्या दिवशी गेला. बुधरीनं त्याला बसायला टायर सरकवला, खोक्यातून पळसाची दोरी काढली आणि त्याच्या मांडीवर ठेवली. आरशाच्या बाजूची गाठ बुधरीनं मारलेली, तशीच होती. मुठीच्या बाजूची तिनं न सोडता, अख्खी सरकवून काढली होती.

"भाऊ, ही गाठ माही नाई."

मुखरूनं पाहिलं. दोन वेढे, एक आतून आणि टोक खाली दाबलेलं. तीस वर्षं त्यानं पोत्यांची तोंडं ह्याच गाठीनं बांधली होती. हातानं त्याला न विचारताच ती मारली होती.

"मायच्या मोहाच्या पोत्यावरची ही गाठ म्या किती वेळा सोडली," बुधरी म्हणाली. "दातानं सोडा लागे."

"तुले पहिल्या दिवशीच कळलं."

"हो."

"मंग काऊन नाई सांगितलं बाजारात?"

"म्या सांगितलं असतं त काय म्हणले असते? बाई आपली चूक म्हाताऱ्या माणसावर ढकलून राह्यली." तिचा आवाज चढला नाही, पण पाना तिनं सुपात असा टाकला की बोल्ट उडाले. "माह्याकडचं होतं ते म्या टांगलं, साऱ्यायच्या समोर. लपवलं नाई. आता गाठ तुमची हाये. तुमची तुमी सोडा."

त्या दिवशी आठवडी बाजार होता. प्रवीणच्या गॅरेजसमोरच्या चहाच्या टपरीवर पंधरा-वीस माणसं होती, रस्त्याच्या कडेला चारोळी घेऊन बसलेल्या बायका होत्या. मुखरू मधोमध जाऊन उभा राहिला. त्यानं दोरी वर धरली.

"ही गाठ कोणाची हाये?"

चारोळीवाली एक म्हातारी मान वर करून म्हणाली, "तुमचीच हाये जी, तोलारी भाऊ. अजून नखं दुखते माही." बायका हसल्या.

"माहीच हाये," मुखरू म्हणाला. "बुधरीनं अर्ध्या मुठीवर दोरी बांधून देली होती. म्या सोडली. नवं इंजिन तापवलं, जाम केलं, अन् चोरासारखी परत बांधली. पंडुमाच्या आधी आंबा म्या खाल्ला. तिनं नाई."

"जाऊ द्या, भाऊ," प्रवीण आतून म्हणाला. "होते म्हातारपणी."

मुखरू वळला. आज तो मागं सरला नाही. "तू सोबत होता, प्रवीण. तू पिस्टनले हात लावून पाह्यला. सांग, काय वाचलं?"

प्रवीणनं हातातलं कापड खाली ठेवलं. सगळे त्याच्याकडं पाहत होते. तो काही वाईट माणूस नव्हता. कामातलं त्याला कळत होतं, आणि कळणाऱ्याला खोटं बोलणं जड जातं. "चारी बाजूनं घासला," तो म्हणाला. "तापून फुगला. बसवण्यात चूक नाई. म्या बसवला असता त असाच बसवला असता."

"असाच नाई," मागून बुधरीचा आवाज आला. ती कधी येऊन उभी राहिली होती कोणास ठाऊक. "तुमी दोरी बांधली नसती."

टपरीवर एवढा हशा झाला की प्रवीणलाही हसावं लागलं.

बुधरीनं सिलिंडर परत बोअर करून आणला, अजून एक माप मोठा पिस्टन टाकला आणि नवी दोरी बांधली. या वेळी मुखरूनं हजार किलोमीटर असे काढले की सायकलवाले पुढं जायचे. बाजारात पोरं ओरडत, "भाऊ, हाका न!" मुखरू अर्ध्या मुठीवर ताठ बसून त्यांच्यासमोरूनच मुद्दाम दोनदा जायचा. हजार झाले तेव्हा बुधरीनं विळ्यानं दोरी कापली. सुकरी त्या दिवशी शेडमध्ये आली होती. ती म्हणाली, "गायता नाई, देव नाई, कसलं पंडुम वो हे?" पण तिनंच चाकाला हात लावून तो कपाळाला टेकवला.

मग मुखरूला कळलं की गाडीबरोबर त्यालाही बदलावं लागणार आहे. जुन्या आळशी बुलेटवर बसून झोप काढता यायची. ही झोपू देत नव्हती. मुठीला नुसतं बोट लागलं तरी ऐकायची. रेस सोडली की पूर्वीपेक्षा लवकर रुतल्यासारखी थांबायची, म्हणून ब्रेकची वेळ नव्यानं शिकावी लागली. बाजारातल्या गर्दीत मांडीला चटका लागायचा, तेल लवकर काळं व्हायचं. पण मुरूमगावच्या चढावर, मागं रंभा आणि धानाची थैली, गिअर तिसरा, आणि गाडी आवाजही न चढवता वर जायची. रेतीत मागचं चाक घसरायचं नाही. जमीन धरून ओढायचं. त्या चढावर पहिल्यांदा रंभानं त्याचा खांदा पकडला आणि म्हणाली, "बाप्पा! हे काय आलं हिच्यात?"

मास्तर परत आले. रांगीचा शेतकरी आला. मग मुरूमगावच्या पलीकडून, छत्तीसगडातूनही गाड्या येऊ लागल्या. बुधरीनं सगळी इंजिनं शेडच्या तोंडाशी बसून, रस्त्यावरून दिसतील अशी खोलली. पंचर काढणंही सोडलं नाही. म्हणून काही लोक शेवटपर्यंत पंचरवालीच म्हणत राहिले. तिनं कोणाला दुरुस्त केलं नाही. तो जुना पिस्टन मात्र तिथंच टांगलेला होता. पावसात तारेला गंज चढला, तर तिनं तार बदलली.

शेवटची भेट श्रावणात झाली; पुढच्या सोमवारी शेड बंद होतं, ती गावी तापानं पडलेली. त्या भेटीत काही विशेष नव्हतं. मुखरू रस्त्यानं जात होता, बुधरीनं हात वर करून थांबवलं आणि वाकून मागच्या चाकाकडं पाहिलं.

"चेन ढिली झाली, भाऊ. आवाज येऊन राह्यला."

"आत्ता करते का?"

"आत्ता हात खाली नाई. सोमवारी आणा, दुपारून. सकाळी मी गावी धानाच्या रोवण्यावर हाये."

"आणतो, मेस्त्री."

"अन् बाईले सांगा, मागं बसताना धरून बसत जा."

"सांगतो," मुखरू म्हणाला.